आजीला गप्प करण्याआधी बाळाचे कान तपासा

प्रति,
माननीय संचालक, महिला आणि बालविकास संचालनालय,
माननीय संचालक, आरोग्यसेवा संचालनालय,
गोवा सरकार

महोदय,

मी डिचोली तालुक्यातली. ३३ वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. त्यामुळे न बोलणारी मुलं मला नवी नाहीत. कुणी लाजेनं गप्प, कुणी भुकेनं, कुणी घरच्या मारानं. पण माझ्याच घरातलं मूल दोन वर्षांचं होत आलं तरी बोलेना, तेव्हा माझं सगळं शहाणपण कुठं गेलं कोण जाणे. ती हकीकत आधी सांगते आणि मग तुमच्याकडं काय मागायचं ते मागते. थोडं लांबेल. बाईंची सवय आहे, सांभाळून घ्या.

आमच्या घरात जेवायला चार भाषा बसतात. माझी मराठी. सून काणकोणची, तिची कोकणी. मुलगा वेर्ण्याला कारखान्यात पाळीत काम करतो; घरी तो दोन्हींची खिचडी करतो आणि फोनवर साहेबाशी इंग्रजी. सकाळी भांड्यांना येते तिची हिंदी. यात जगावेगळं काही नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांनी मातृभाषा कोकणी सांगितली, अकराएक टक्क्यांनी मराठी, आणि बाकीच्यांत हिंदी, कन्नड, उर्दू. एकाच भाषेच्या आवाजात वाढणारं भुरगं आपल्याकडं शोधावं लागेल.

नातू सव्वा वर्षाचा असताना त्याचा पहिला शब्द आला: ‘पों’. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत वाड्यावर शिरला की हा असेल तिथून उठायचा, दाराकडं धावायचा आणि बोट दाखवून म्हणायचा, पों! आम्ही हसलो. तो खरोखरच शब्द होता हे मला फार नंतर कळलं. एकाच वस्तूसाठी, दर वेळी तोच आवाज, मुद्दाम काढलेला, तर तो शब्द. कोशात असो नसो. आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या तान्ह्यांच्या तोंडी दिलेले मम, भू, हम्मा, माऊ, भुर्र, बाऊ हे सगळे शब्दच. पण आमची गाडी ‘पों’च्या पुढं सरकेना. दीड वर्ष झालं, पों. पावणेदोन झालं, पों. पाणी हवं असलं की माझा हात धरून माठाकडं न्यायचा. हाक मारली तर कधी वळायचा, कधी नाही.

सतरा महिन्यांचा असताना त्याला गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाला आणि त्रिगुणी लशीच्या बूस्टरला नेलं. वजन झालं, सुया झाल्या, ताप आला तर काय द्यायचं ते सांगितलं. मूल काय बोलतं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रांगेत मागं बारा-पंधरा बायका उभ्या होत्या आणि तो रडत होता.

घरी येणाऱ्या प्रत्येकाकडं मात्र उत्तर तयार होतं. मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता. (नव्हता. मी त्याची आई आहे.) जीभ खालून चिकटलेली असेल, कापून घ्या. मध-वेखंड चाटवा. वेखंडाचं संस्कृत नावच मुळी वचा, म्हणजे वाणीशी नातं जुनं आहे खरं, पण उगाळलेल्या मुळीनं कुणाला वाचा फुटलेली मी पाहिलेली नाही. जिभेचा बंध असला तर काही उच्चार अडतात, चोखायला त्रास होतो; मूल बोलायला सुरुवातच करत नाही ते त्या बंधामुळं नाही. मुलींपेक्षा मुलगे थोडे मागं असतात हेही खरं, पण ते काही आठवड्यांनी, फार तर महिन्या-दोन महिन्यांनी. वर्षभराचं अंतर ‘मुलगा आहे’ एवढ्यानं भरून निघत नाही. माझी एक नणंद तर हा बोलावा म्हणून नवस बोलून आली. घरात बोलत होता तो नवसच.

मग आम्ही डॉक्टरांकडं गेलो. मी नाव लिहिणार नाही. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. बाहेर गर्दी, आत पाच मिनिटं. त्यांनी विचारलं, घरी कुठली भाषा? सुनेनं चारही सांगितल्या. ते म्हणाले, हेच कारण. मूल गोंधळलंय. एकच भाषा ठेवा. पुढं शाळा इंग्रजीच असणार ना, मग इंग्रजीच बोला. ज्या प्ले-स्कूलमध्ये नाव घालायचं चाललं होतं तिथल्या बाईंनीही शब्दाला शब्द तेच सांगितलं.

त्या दिवसापासून सात महिने मी माझ्या नातवाशी मराठी बोलले नाही.

हे वाचून तुम्हाला फार मोठं काही वाटणार नाही, म्हणून जरा थांबून सांगते. मुलगा-सून सकाळी साडेसातला बाहेर पडतात, सातला परत येतात. मधले जवळजवळ बारा तास त्या मुलाकडं एकच माणूस, ती मी. माझी इंग्रजी पाठ्यपुस्तकातली, वाचता येते, बोलताना पाय अडखळतो. तेव्हा मी काय बोलणार? कम. सिट. ईट. नो. गुड बॉय. कुत्र्याला शिकवतात तेवढी भाषा माझ्याजवळ उरली. भात कालवताना चिऊचा घास, काऊचा घास म्हणत भरवायचे, ते थांबलं. न्हाऊ घालताना एकेका बोटाचं नाव घेत चोळायचे, ते थांबलं. परसात फणसाखाली बसून पानं कशी पडतात, मुंगळा कुठं चाललाय, शेजारची गाय आज का हंबरतेय, हे जे मी काही विचार न करता दिवसभर बोलत राहिले असते, ते सगळं घशात अडकलं. एकदा तो उंबऱ्याला ठेचकाळून पडला. मी त्याला उचललं आणि तोंडातून ‘अगं बाई, लागलं का माझ्या राजाला’ निघालं, तशी मी दचकून सुनेकडं बघितलं. चोरी पकडल्यासारखी. ती बिचारी स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी होती. तिचीही कोकणी बंदच होती.

घर शांत झालं. शांत घरात टीव्हीचा आवाज वाढतो. मोबाइलवर इंग्रजी बालगीतं लागायची. तेवढंच इंग्रजी शुद्ध येईल अशी आशा. तो डोळे न मिटता बघत बसायचा. ‘पों’सुद्धा कमी झालं.

आमची सुटका केली ती वाड्यावरच्या अंगणवाडीताईनं. मी पोषण आहाराचं पाकीट आणायला गेले होते, हा माझं बोट धरून. तिनं त्याच्याशी दोन शब्द बोलून बघितले, मग त्याच्या मागं जाऊन हळूच कुजबुजली, मग पुढं येऊन तेच म्हटलं. आणि मला म्हणाली, ‘आजी, ह्यो तोंडाकडं बघता, आवाजाकडं न्हय. कान दाखयलात?’ (‘आवाजाकडं न्हय’ हे दोन शब्द मी घरी येऊन कॅलेंडरवर लिहून ठेवले.) कान दाखवले नव्हते. कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हाला सुचलं नव्हतं, कारण ताट पडलं की तो वळायचा, भोंगा वाजला की धावायचा. ऐकू येतंय की!

तपासणीत निघालं ते असं. दोन्ही कानांत, पडद्याच्या मागं, पाणी साठलेलं. वारंवार सर्दी होणाऱ्या लहान मुलांत हे फार आढळतं. सहा महिने ते चार वर्षं हा त्याचा मुख्य काळ; नाकामागून कानाकडं जाणारी नळी त्या वयात आखूड आणि आडवी असते, ती बंद झाली की आत पाझर साठतो. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही. म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मूल बहिरं नसतं. कानात बोटं घालून ऐकावं तसं त्याला ऐकू येतं, आणि तेही रोज सारखं नाही, आज बरं तर उद्या कमी. जाडे, मोठे आवाज पोचतात. बारीक आवाज, म्हणजे स, श, फ, शब्दाच्या शेवटची व्यंजनं, ती वाटेतच पुसली जातात. पोदेराचा भोंगा त्याच्यापर्यंत पोचत होता. आजीचं ‘बस’ पोचताना ‘ब’ होत होतं. त्याच्या कानाला सगळ्याच भाषा अर्ध्या मिळत होत्या, चार असोत की एक.

बहुतेक मुलांत हे पाणी तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर आधी वाट बघतात. आमचं ओसरलं नाही. मग लहानशी भूल देऊन दोन्ही पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. ग्रोमेट म्हणतात त्यांना, तांदळाच्या कणीएवढ्या. घरी आणलं त्या रात्री पंख्याच्या आवाजानं तो रडला. पंखा रोजचाच होता.

आता तो साडेतीन वर्षांचा आहे आणि झोपला तरच गप्प असतो.

माझ्या नातवाचं झालं ते प्रत्येकाचं होईल असं मी म्हणत नाही. दोन वर्षांच्या दर दहा मुलांत एखाद-दोन बोलण्यात मागं असतात आणि त्यातली बरीचशी शाळेच्या वयापर्यंत आपणहून बरोबरीला येतात. पण कोण येणार आणि कोण नाही, हे दारात बसून ओळखता येत नाही. उशिराच्या मागं कधी कान असतो, कधी स्वमग्नता (ऑटिझम), कधी एकूण वाढच मंद, कधी कारणच सापडत नाही. म्हणून तपासायचं. आणि तपासायची पहिली गोष्ट कान, कारण ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात आधी करता येण्यासारखं आहे. भाषेला दोष देणं त्याहूनही सोपं, हाच घोटाळा आहे.

दोन भाषांनी मूल गोंधळतं हा समज मी शाळेतही ऐकला, आणि लाज वाटते, पण तरुणपणी पालकांना सांगितलाही. तो खोटा आहे. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं पहिला शब्द साधारण त्याच वयात बोलतात. त्यांचे शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे असतात. एका भाषेच्या मापानं मोजलं तर ती उणी दिसणारच. ‘आई, उदक दी’ म्हणणारं मूल गोंधळलेलं नसतं. जो शब्द हाताशी आला तो त्यानं वापरला. आपणही ‘फॅन लाव रे’ म्हणतोच की.

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या दोघांनी कॅनडात एक प्रयोग केला, तो आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. इंग्रजी घरातल्या तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची त्याच भाषेची बाळं तो फरक जवळजवळ विसरली होती. म्हणजे मूल जन्मतः सगळ्या जगाच्या आवाजांना कान उघडे ठेवून येतं आणि वर्षाच्या आत जे घरात ऐकू येतं तेवढं ठेवून बाकीचं टाकून देतं. आपल्या ‘तट’ आणि ‘टाटा’मधला भेद पाळण्यातच ठरतो. आणि आम्ही काय केलं? त्याला त आणि ट रोज देणारं एकमेव तोंड बंद केलं, आणि त्या जागी मोबाइल ठेवला.

मोबाइलचंही सांगते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पॅट्रिशिया कूल यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. काहींशी चिनी बोलणारं माणूस समोर बसून खेळलं, बोललं. काहींना तेच पडद्यावर दाखवलं. माणसाशी खेळलेली बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. पडद्यासमोरची बाळं काही म्हणता काही शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय की एका वर्षाच्या आत पडदा नको, दुसऱ्या वर्षातही नको, आणि त्यापुढं पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नको. पण दोघंही कामावर, आजी दमलेली, स्वयंपाक अर्धा, तेव्हा फोन हातात जातो. मी स्वतः दिलाय, त्यामुळं कुणा आईला बोल लावायचा मला हक्क नाही. एवढंच की फोननं मूल शांत बसतं, बोलायला शिकत नाही. या दोन गोष्टी आम्ही एक समजलो होतो.

मग शिकतं कसं? नळ्या बसवल्यानंतर ज्या स्पीच थेरपिस्टकडं जायचो, तिनं मला पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर काढलं म्हणा ना. मी नातवाला घेऊन सराव करत होते: हे काय? ते काय? गाय कुठाय? म्हण, गाय. ती हसून म्हणाली, बाई, तुम्ही परीक्षा घेताय. त्याला प्रश्न नकोत, शब्द हवेत. तो ज्याच्याकडं बघतोय त्याचं नाव तुम्ही घ्या. तो ‘पाव’ म्हणाला की तुम्ही म्हणा, ‘हो, गरम पाव. पोदेरानं आणला.’ त्याच्या एका शब्दाला तुमचे दोन जोडायचे, दहा नाही. आणि बोलून झालं की थांबा. मनात दहापर्यंत मोजा. ३३ वर्षं मी उत्तराची वाट तीन आकड्यांच्या पुढं बघितली नव्हती. पहिल्यांदा खरंच दहा मोजले तेव्हा सातव्या आकड्याला तो म्हणाला, ‘आजी, पाव.’ दोन शब्द, जोडून.

आणि तिनं विचारलं, तुम्ही त्याच्याशी इंग्रजी का बोलताय? मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, थापा मारता येतात, ती बोला, म्हणाली. मोडक्या भाषेतून मुलाला मोडकीच भाषा मिळते. त्या संध्याकाळी मी त्याला मांडीवर घेऊन इतकं बोलले की सून म्हणाली, आई, श्वास घ्या.

आता मागणी.

गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात. म्हणजे प्रत्येक बाळ जन्मल्यावर दोन-तीन दिवस तुमच्या हाताच्या अंतरावर असतं. ओएई नावाची श्रवणचाचणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं टोक ठेवून होते, काही मिनिटांत. टोचायचं नाही, रडवायचं नाही. जन्मतः कायमचं कमी ऐकू येणारी बाळं हजारात एक ते तीन असतात. अतिदक्षता विभागात राहून आलेल्यांत प्रमाण बरंच जास्त. तज्ज्ञांचा जगभरचा दंडक एक-तीन-सहा असा आहे: पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार. माझा नातू खाजगी इस्पितळात जन्मला आणि त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर कानांबद्दल एक ओळ नव्हती. सरकारी असो, खाजगी असो, कानाची चाचणी झाल्याशिवाय आणि तिचा निकाल माता-बाल कार्डावर लिहिल्याशिवाय बाळाला घरी सोडायचं नाही, असा आदेश काढा. टाचेतला रक्ताचा थेंब घेऊन चयापचयाचे जन्मजात आजार शोधण्याचं काम याच राज्यानं २००८ मध्ये देशात सर्वांच्या आधी हाती घेतलं होतं. टाचेचं जमलं, तर कानाचं का नाही?

आमच्या नातवाला जन्माच्या चाचणीचा उपयोग झाला नसता, कारण त्याचं पाणी नंतर साठलं. म्हणून दुसरी मागणी लसीकरणाच्या दिवसाची. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. आई मूल घेऊन स्वतः येते. तुम्हाला कुणाच्या दारी जायला नको. त्या दिवशी नर्सनं विचारावं. नवव्या महिन्यात: ‘बाबाबा’, ‘दादादा’ असं काही बोलतं का, हाकेला वळतं का. दुसऱ्या डोसाला: बोट दाखवतं का, मागितलेली वस्तू आणून देतं का, किती शब्द आहेत, भू-मम धरून. सोळा महिने झाले आणि एकही शब्द नाही, दोन वर्षं झाली आणि ‘आई ये’, ‘पाव दे’ असे दोन शब्द जोडत नाही, तर कान आणि बोलणं दोन्ही तपासायला पाठवायचं. आणि येत असलेले शब्द गेले, तर कुठल्याही वयात, त्याच आठवड्यात. विचारायला दोन मिनिटं लागतात. कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेतच. ते पान आमच्या कार्डावर आजही कोरं आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात फिरत्या पथकानं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासायचं असतं, आणि ऐकू कमी येणं व भाषेची वाढ मागं असणं ही दोन्ही त्याच्या यादीत आहेत. नवी योजना कुणी मागत नाही. पण जी मुलं अंगणवाडीत जात नाहीत त्यांचं काय? पेडण्यापासून काणकोणपर्यंत गल्लोगल्ली प्ले-स्कूल आणि पाळणाघरं आहेत. त्यांतल्या मुलांपर्यंतही हे पथक पोचायला हवं.

तपासलं, अडचण निघाली, मग पुढं? वाळपईच्या पलीकडच्या गावातली आई आठवड्याला दोनदा कदंबाच्या बसगाड्या बदलत बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येईल, अशी अपेक्षा करू नका. दोन खेपा येईल, तिसऱ्याला रोज बुडतो म्हणून थांबेल. तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात आठवड्यातून एक दिवस ठरलेल्या वारी स्पीच थेरपिस्ट बसली, आणि तिनं मुलाइतकंच घरच्यांना शिकवलं, तरी अर्धं काम होईल. उरलेलं काम अंगणवाडीताईचं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढलाय, त्यात महिन्या-महिन्याला बाळाशी काय खेळावं ते दिलं आहे. तो इथल्या कोकणीत आणि मराठीत, इथल्या घरांना ओळखीच्या खेळांसह तिच्या हातात द्या. आणि तिच्याकडची दोन-चार रजिस्टरं कमी करा. जी बाई कुजबुजून माझ्या नातवाचे कान ओळखते तिचा दिवस मोबाइलवर आकडे भरण्यात जातो, हे मी डोळ्यांनी बघते.

आणि शेवटची मागणी, जिला एक पैसा लागत नाही. एक परिपत्रक काढा. सरकारी केंद्रांना, खाजगी दवाखान्यांना, प्ले-स्कूलना. त्यात एवढंच असावं की मूल उशिरा बोलतं म्हणून घरची भाषा बंद करा, असा सल्ला कुणीही पालकांना देऊ नये. १९८७च्या राजभाषा कायद्यापासून या राज्यात कोकणी आणि मराठी यांच्यावरून किती भांडलो आपण. मीही मोर्चात होते, कुठल्या ते सांगत नाही. आणि इकडं घराघरातून दोन्ही भाषा एका वाक्यात हद्दपार होतात, डॉक्टरच्या टेबलावरून, आणि त्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. माझ्या घरात कोकणी आणि मराठी यांचं भांडण कधी नव्हतं. दोघी एकदमच गप्प झाल्या होत्या.

तुमच्यापैकी कुणी वेळ दिलात तर मी कार्यालयात येईन, नातवाचं कार्ड आणि तपासणीचे कागद घेऊन. तोही येईल, पण मग बोलायला मला मिळेल याची खात्री देत नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
डिचोली तालुका

ता. क. हे पत्र आधी अंगणवाडीताईला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून विचारलं, आजी, यात कन्नड कुठं आहे? तिच्याकडं बांधकामावर येणाऱ्या एका जोडप्याची मुलगी येते, अडीच वर्षांची. आईला कुणीतरी सांगितलंय की गोव्यात राहायचं तर मुलीशी हिंदीतच बोल. आईची हिंदी माझ्या इंग्रजीसारखी: आ, बैठ, खा. काल मी मुद्दाम गेले. ताईनं मोडक्या कन्नडात तिला समजावलं, की घरी कन्नडच बोल, कोकणी आम्ही इथं देऊ. ती आधी विश्वास ठेवेना. मग मुलीला कडेवर घेऊन काहीतरी बोलली, भरभर, बरंच. काय ते आम्हा दोघींना कळलं नाही. मुलगी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. तोंडाकडं बघते म्हणून तिचेही कान तपासायला सांगितलेत. आरोग्यकेंद्राची तारीख मिळाली की ताई सोबत जाणार आहे.